टिपणीस आणि साडेबाराची दारं

आमच्या शिंपलेवाडीतली दारं रोज दुपारी साडेबाराच्या सुमारास आळशी व्हायची. सकाळी आठला नुसता हात दाखवला की पापणी लवायच्या आत उघडणारं दार साडेबाराला ढिम्म हलायचं नाही. हात दाखवा, वाट बघा, पाय बदला, पुन्हा हात दाखवा. एक वाजला की सगळं पुन्हा ठणठणीत!

तुम्ही म्हणाल, दारच ते, थोडं उशिरा उघडलं तर बिघडलं कुठे? तुमचं घर जमिनीवर आहे, म्हणून तुम्हांला असं सुचतं. शिंपलेवाडी देवगडच्या किनाऱ्यापासून अकरा किलोमीटरवर आहे, आणि तीही समुद्राच्या तळाशी. तेवीस घुमट आणि त्यांत राहणारी एकवीसशे माणसं. इथं दारापलीकडे कधी हवा असते, कधी पाणी. म्हणून प्रत्येक दार उघडण्याआधी विचारतं, 'हे माणूस कोण? याला इथून जायची परवानगी आहे का?'

त्याला उत्तर देतो तो आमचा निर्देशिका सर्व्हर (वाडीतली प्रत्येक व्यक्ती आणि वस्तू कोण, कुठे आणि तिला काय करायची मुभा आहे, याच्या नोंदी ठेवणारा आणि विचारेल त्याला सांगणारा संगणक). दारं त्याला विचारतात, दवाखान्यातलं औषधांचं कपाट विचारतं, स्वयंपाकघरातली शेगडीसुद्धा विचारते. आणि या सर्व्हरची देखभाल करतात माझे आजोबा, पुरुषोत्तम केळुसकर.

आजोबांची नोकरी पुण्यात झाली, त्यामुळे ते एरवी पुस्तकासारखं मराठी बोलतात. पण चिडले किंवा मनातून हलले की थेट मालवणी सुरू. त्यांचा मूड ओळखायला मला दुसरं काही लागत नाही.

सोमवारी बाबा शेवाळाच्या शेतातून परत आले तेव्हा बारा पस्तीस झाले होते. ते बाहेर, पाण्यात, दारासमोर तरंगत होते. त्यांच्या पाठीवरच्या टाकीत चार मिनिटांची हवा उरली होती. दार उघडायला पावणेदोन मिनिटं लागली. बाबा सुखरूप आत आले, हसलेसुद्धा. पण आई काचेतून ते सगळं बघत होती. ती त्या दिवशी जेवली नाही.

संध्याकाळी आमच्या वाडीच्या प्रशासक म्हापणकर मॅडम घरी आल्या. त्या वाईट नाहीत, हे आधीच सांगून टाकते. पण त्या दिवशी त्यांनी चहाही घेतला नाही.

"केळुसकरकाका, हा सर्व्हर आता थकला," त्या म्हणाल्या. "शनिवारी दुपारी मी स्वतः दारापाशी घड्याळ घेऊन उभी राहणार. तेव्हाही उशीर झाला, तर रविवारपासून किनाऱ्यावरच्या मोठ्या केंद्राकडे हे काम सोपवायचं. माणसांच्या जिवाशी खेळ नको."

याचा अर्थ मला कळायला थोडा वेळ लागला. शिंपलेवाडीचा नियम आहे, खाली राहायचं तर खाली काम हवं. हवा मोजकी, जागा मोजकी. सर्व्हर गेला तर आजोबांचं काम गेलं, आणि काम गेलं की आजोबा वर, किनाऱ्यावर. मी शाळेतून घरी आल्यावर माझी वाट बघणारं एकच माणूस आहे. तेच जाणार होतं.

मंगळवारी सकाळी मी शाळेला दांडी मारली (पोटात दुखतंय म्हणाले, आणि ते तसं खोटंही नव्हतं) आणि आजोबांबरोबर सर्व्हरच्या खोलीत गेले. ते कपाटावर तळहात टेकवून उभे होते. ही त्यांची पद्धत. पुण्यातल्या नोकरीपासून तीस वर्षं ते हात लावून ओळखत आलेत, सर्व्हर कोमट आहे की तापलाय.

"काही कळतंय का?" मी विचारलं.

"आता बरा आहे. साडेबाराला बिघडतो. पण मी जेवण टाकून इथं पोचतो तोवर पुन्हा बरा झालेला असतो."

"मग तुम्ही जेवायच्या आधीच येऊन बसा ना!"

"काल बसलो होतो. हाताला गरम लागला. का गरम लागला, ते हाताला कसं कळणार?" आजोबांनी हात खाली घेतला. "मिथिला, तुला ताप आला तर डॉक्टर काय करतात?"

"थर्मामीटर लावतात. आणि आईला तक्ता करायला सांगतात. किती वाजता किती होता."

"तेच आपण कधी केलं नाही. मी आपला कपाळावर हात ठेवत बसलो!" ते स्वतःवरच चिडले होते. "आता आपण याला एक एजंट लावू या. कार्यक्षमता निरीक्षक एजंट (सर्व्हर किती काम करतोय आणि किती वेगानं करतोय, याची सतत नोंद घेणारा छोटासा प्रोग्रॅम)."

एजंट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर बॅग घेऊन विमा विकायला येणारे गृहस्थ उभे राहिले. मी म्हटलं, हे नाव नको. जो फक्त टिपणं काढणार, त्याला आपण टिपणीस म्हणू. आजोबांना ते आवडलं. त्यांनी पेटीतून एक जुना बोलका भोंगा काढून त्याला जोडला, म्हणजे टिपणिसाला बोलताही येईल.

पहिलं काम होतं टिपणिसाला सर्व्हरमध्ये शिरायला खातं काढून देण्याचं. मी घाईनं म्हटलं, "तुमचंच खातं वापरू या. त्यानं सगळं उघडतं."

"म्हणूनच नको," आजोबा म्हणाले. "माझ्या खात्यानं नोंदी पुसताही येतात. जो फक्त बघायला येतो, त्याला फक्त बघायचीच मुभा द्यायची. उद्या टिपणिसाच्या डोक्यात काही बिघाड झाला, तर त्यानं चुकून तुझ्या बाबांची नोंद पुसायला नको."

मला सोमवारचं दार आठवलं. मी गुपचूप नवं खातं काढलं. वाचायची परवानगी आहे, बदलायची नाही.

दुसरा प्रश्न, टिपणिसानं टिपणं ठेवायची कुठे? मी म्हटलं, सर्व्हरमध्येच. आजोबांनी मान हलवली. सर्व्हरच आजारी पडला तर त्याच्या पोटात ठेवलेली टिपणं कोण वाचणार? म्हणून टिपणीस बसवला सर्व्हरमध्ये, पण त्याची वही ठेवली शेजारच्या वेगळ्या संगणकावर.

मग टिपायचं काय, ते ठरवलं. दर वेळी किती प्रश्न आले, उत्तर द्यायला किती वेळ लागला, आणि ते उत्तर शोधायला सर्व्हरला किती नोंदी चाळाव्या लागल्या. तिसरी गोष्ट मला बिनकामाची वाटली होती. तिनंच पुढे माझी फजिती केली.

शेवटचं राहिलं ते असं, की टिपणिसानं दर किती वेळानं बघायचं. ते मी आजोबांना न विचारताच भरलं. म्हटलं, काही म्हणता काही सुटायला नको. सेकंदाला हजार वेळा!

दोन मिनिटांत स्वयंपाकघराच्या बाजूनं आरडाओरडा ऐकू आला. सकाळचे दहा वाजले होते, आणि दारं दहालाच आळसावली होती. शेवंतीकाकू, आमच्या वाडीच्या मुख्य स्वयंपाकीण, हातात सोलकढीचं पातेलं घेऊन दोन दारांच्या मधे अडकल्या होत्या.

"मेल्या दारा, उघड मरे!" त्या दाराला दम देत होत्या. मला बघितल्यावर म्हणाल्या, "काय गो बाय, ह्येका आता सकाळपासूनच काय झाला?"

आजोबांनी पडद्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं, आजाऱ्याला दर मिनिटाला हलवून उठवलंस आणि ताप बघत बसलीस, तर तो झोपणार कधी? टिपणीससुद्धा सर्व्हरला प्रश्नच विचारतो. त्या प्रश्नांचंही ओझं असतं. बघणाऱ्यानं बेतानं बघायचं."

मी तो आकडा बदलून दहा सेकंदांतून एकदा असा केला. काकूंचं दार उघडलं. थोडी सोलकढी सांडली होती, ती मीच पुसली.

बुधवारी टिपणिसानं नुसतं बघितलं. आजोबांनी मला समजावलं, की आधी नेहमीची चाल (सर्व्हर बरा असताना कसा वागतो, त्याचे सरासरी आकडे) माहीत हवी. निरोगी माणसाचा ताप किती असतो ते ठाऊक नसेल, तर आजाऱ्याचा आकडा वाचून उपयोग काय? संध्याकाळपर्यंत चाल कळली. एरवी मिनिटाला तीनशे प्रश्न येतात आणि प्रत्येकाचं उत्तर सेकंदाच्या शंभराव्या भागात मिळतं. मग आम्ही धोक्याची रेघ आखली. एखाद्या उत्तराला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागला, तर टिपणिसानं तो प्रश्न कोणी विचारला तेही लिहायचं आणि आम्हांला हाक मारायची.

गुरुवारी मी आणि आजोबा डबे घेऊन तिथंच जेवायला बसलो. बारा एकतीसला भोंगा खरखरला.

"उत्तराला उशीर," टिपणीस म्हणाला. त्याचा आवाज आमच्या गणिताच्या बाईंसारखा निर्विकार होता. "गेल्या मिनिटात नेहमीच्या तीनशे प्रश्नांखेरीज दुसऱ्या एकाच खात्याचे चोवीस हजार प्रश्न. त्यांतल्या प्रत्येक प्रश्नासाठी चाळलेल्या नोंदी, एक लाख ऐंशी हजार."

"प्रत्येक प्रश्नासाठी?" आजोबा ताडकन उठले. आमच्या सर्व्हरमध्ये माणसं, दारं, पंप, टाक्या सगळं धरून एक लाख ऐंशी हजारच नोंदी आहेत. म्हणजे प्रत्येक वेळी सर्व्हर सगळीच्या सगळी वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत होता. "कोण विचारतंय हे?"

"खात्याचं नाव, आभाराची पाटी," टिपणीस म्हणाला. "मालक, मिथिला केळुसकर."

माझ्या हातातला घास हातातच राहिला.

आता आभाराच्या पाटीबद्दल सांगायला हवं. शिंपलेवाडीत एक रीत आहे. दुपारी जेवणघरात पानं वाढून झाली तरी कोणी जेवायला सुरुवात करत नाही. आधी आजच्या जेवणासाठी ज्यांनी कष्ट केले, त्यांची नावं घ्यायची. पालक कोणी लावला, पाणी गोड कोणी केलं, मासे कोणी आणले. नावं संपली की सगळ्यांनी मिळून म्हणायचं, "पावलं!" (मिळालं, पोचलं, आभारी आहोत.) समुद्राच्या तळाशी एक जुडी पालक पिकवणं म्हणजे काय, ते इथं सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे ही रीत कधी कोणी चुकवत नाही.

पूर्वी शेवंतीकाकू आठवून आठवून नावं घ्यायच्या आणि हमखास कोणीतरी सुटायचं. म्हणून मागच्या वर्षी मी शाळेच्या प्रकल्पासाठी पाटी तयार केली. भिंतीवरचा एक पडदा सर्व्हरला विचारतो, 'आज पालकाचं काम कोणी केलं?' आणि नाव झळकतं. सगळ्यांना ती इतकी आवडली की एका पडद्याचे चौतीस झाले. प्रत्येक पडद्यावर बारा जिनसा. आणि कोणाचं नाव सुटायला नको, म्हणून जेवणाच्या त्या अर्ध्या तासात माझी पाटी तोच प्रश्न दर सेकंदाला पुन्हा पुन्हा विचारत राहायची. पडदे हळूहळू वाढले, दारंही हळूहळू मंदावली, त्यामुळे कोणाला संशय आला नाही.

थोडक्यात, बाबा पाण्यात अडकले ते माझ्यामुळे. आजोबा जाणार होते तेही माझ्यामुळे.

मी रडले. भरपूर रडले, लपवण्यात काय अर्थ आहे? "आजोबा, मी आत्ता पाटी बंद करते आणि मॅडमना सांगते," मी म्हणाले.

"सांगायचं तर आहेच. पण दोघांनी," आजोबा म्हणाले. "कोणी, कधी, किती प्रश्न विचारायचे, यावर मर्यादा घालणं माझं काम. पाटीसाठी तू खातं मागितलंस आणि मी काही न बघता देऊन टाकलं. नात मागते म्हटल्यावर कसली मर्यादा! आणि पाटी बंद कशाला करायची? प्रश्न चांगलाच आहे. उत्तर शोधायची रीत चुकली आहे. तुझ्या वर्गात हजेरीपट असतो ना?"

"असतो." मी नाक पुसलं.

"त्यात पंधरावा क्रमांक कोणाचा?"

"चिन्मयीचा."

"लगेच सांगितलंस, कारण हजेरीपट क्रमांकानं लावलेला आहे. आता सांग, ऑगस्टमध्ये वाढदिवस कोणाकोणाचे?"

"त्यासाठी सगळा हजेरीपट... नाही, थांबा. बाईंनी भिंतीवर वाढदिवसांचा तक्ता लावलाय. महिन्याप्रमाणे. ऑगस्टच्या खाली बघायचं फक्त."

"झालं की मग! तो तक्ता म्हणजे अनुक्रमणिका (हवी ती नोंद कोणत्या पानावर आहे, ते चटकन सांगणारी वेगळी यादी). आपल्या सर्व्हरकडे नावाची अनुक्रमणिका आहे. म्हणून दारांना उत्तर चटकन मिळतं. पण 'आजचे काम' या रकान्याची नाही, कारण तो रकाना शोधायची कधी कोणाला गरजच पडली नव्हती. तूच पहिली."

"मग सगळ्याच रकान्यांच्या अनुक्रमणिका करून टाकू या!"

"वर्गात नवीन मूल आलं की बाईंना हजेरीपटही बदलावा लागतो आणि तक्ताही. असे पन्नास तक्ते असले तर त्या शिकवणार कधी? गरजेपुरत्याच करायच्या. आणि गरज कुठे आहे, ते टिपणीस सांगतोच."

दुपारीच आम्ही म्हापणकर मॅडमकडे गेलो. मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "घड्याळ घेऊन मी शनिवारी येणारच आहे." मग मी बाबांना सांगितलं. त्यांनी मला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलंच नाही.

शुक्रवारी मॅडमच्या परवानगीनं पाटी एक दिवस बंद ठेवून आम्ही 'आजचे काम' या रकान्याची अनुक्रमणिका तयार केली. पाटीनं प्रश्न दर सेकंदाला न विचारता दर पाच मिनिटांनी एकदाच विचारायचा, असंही मी तिला शिकवलं. काम संपताना टिपणीस म्हणाला, "माणसांच्या नोंदी एकवीसशे. अनुक्रमणिकेत आलेल्या, दोन हजार नव्याण्णव. एका नोंदीत 'आजचे काम' हा रकाना रिकामा आहे."

"कोणाची?" मी विचारलं.

"पुरुषोत्तम केळुसकर."

मी आजोबांकडे वळून पाहिलं. ते वायरी गुंडाळत होते. "मी काय पालक लावतो की मासे पकडतो? त्यात भरायचं काय?" ते म्हणाले.

मला आठवलं. वर्षभरात पाटीवर जवळपास प्रत्येकाचं नाव आलं होतं. भांडी घासणाऱ्या यंत्राला तेल देणाऱ्या दादाचंसुद्धा. आजोबांचं एकदाही नाही. आणि ते मला, पाटी करणारीला, कधी जाणवलंही नाही. रोज त्यांच्या शेजारी बसून जेवत होते तरी! दुसऱ्याची नोंद मला बदलता येत नाही, ती मुभा आजोबांखेरीज फक्त मॅडमना आहे. मी संध्याकाळी एकटीच पुन्हा त्यांच्याकडे गेले. एवढंच विचारलं की हे तुम्हांला भरता येईल का. त्या म्हणाल्या, "आधी उद्याचं दार उघडू दे."

शनिवार. साडेबारा. जेवणघरात पानं वाढलेली, चौतीस पडदे चालू. मॅडम बाहेरच्या दारापाशी घड्याळ घेऊन उभ्या, आणि काचेपलीकडे पाण्यात बाबा. आई माझा हात इतका घट्ट धरून होती की माझी बोटं पांढरी पडली. बाबांनी हात दाखवला.

दार उघडलं. मॅडमना घड्याळाचं बटण दाबायलाच उशीर झाला! त्यांनी बाबांना पुन्हा बाहेर जायला सांगितलं, मग पुन्हा एकदा. तिन्ही वेळा तेच. दाराशी आणून ठेवलेल्या भोंग्यातून टिपणीस म्हणाला, "दारांचे आणि आभाराच्या पाटीचे प्रश्न चालू. उशीर नाही." मॅडमनी घड्याळ खिशात ठेवलं. पहिल्यांदाच त्या हसल्या, आणि हातातल्या छोट्या पडद्यावर त्यांनी काहीतरी लिहिलं.

जेवणघरात नावं सुरू झाली. तांदूळ धुणारे, पालक लावणारे, पाणी गोड करणारे. शेवटी शेवंतीकाकूंचं नाव आलं. सगळे 'पावलं' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात पडद्यावर आणखी एक ओळ आली, आणि ती म्हापणकर मॅडमनी उभं राहून स्वतः वाचली.

"पुरुषोत्तम केळुसकर. आजचे काम: तुमच्यासाठी प्रत्येक दार उघडले. कालही. गेली अकरा वर्षे."

एकवीसशे माणसांनी एका आवाजात म्हटलं, "पावलं!" घुमट दणाणला. शेवंतीकाकू तर डोळ्यांना पदर लावून दोनदा म्हणाल्या.

आजोबा मान खाली घालून बसले होते. भातावर आमटी ओतून झाली होती, तरी ते ओतल्यासारखं करत होते. मग वर न बघताच म्हणाले,

"भात निवता मरे! जेवा आता."

वेंगुर्ल्यासमोर समुद्रात आता दुसरी वाडी बांधतायत, दहा हजार माणसांची. तिथल्या सर्व्हरची मांडणी करायला आजोबांना बोलावलंय, आणि त्यांनी सांगितलंय की मदतनीस बरोबर येईल. ती मदतनीस म्हणजे मी. तिथं आधी टिपणीस बसवायचा आणि मगच पहिलं दार, असं आम्ही ठरवलंय. बरोबर न्यायच्या सामानाच्या यादीत मी एक भिंतीवरचा पडदाही लिहिला आहे.